आवाज येतो, पण त्याचं ऐकायलाच हवं का?

पत्र: माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सीएनसी मशीनवर होता. दीड वर्षापूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. दोन पुरुष आणि एक बाई. दिवसभर शेरे मारतात, 'आलं बघ येडं', 'ह्याला काय जमतंय', आणि मधूनच 'मरून जा' असंही. एक जण म्हणतो, गल्लीच्या कोपऱ्यापुढे गेलास तर आईला काहीतरी होईल. त्यामुळे घराबाहेर पाय नाही, दिवसभर कानात इअरफोन. वर्षभर गोळ्या चालू आहेत. झोप लागते, आरडाओरडा थांबला, पण आवाज गेले नाहीत. आता डॉक्टर म्हणतात, गोळ्यांबरोबर सायकोथेरपी सुरू करा. वडील म्हणतात, "नुसत्या गप्पा मारून आवाज बंद होतोय व्हय? आणि त्याला दर खेपेला आठशे रुपये?" आईला त्याला नरसोबाच्या वाडीला नेऊन ठेवायचं आहे. आणि तो मला विचारतो, "तुला ऐकू येतंय का?" तेव्हा काय म्हणायचं तेच मला कळत नाही.
— एक बहीण, कसबा बावडा

ताई,

तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर असं: गप्पा मारून आवाज बंद होतोच असं नाही. काहींचा कमी होतो, काहींचा तसाच राहतो. पण थेरपीचं मुख्य काम ते नाहीच. आवाजाचा घरात जो दरारा बसलाय, तो उतरवायचा हे काम आहे. तुमच्या भावाचं आयुष्य तीन आवाजांमुळे अडलेलं नाही, त्या आवाजांची आज्ञा मोडली तर आईला काहीतरी होईल या खात्रीमुळे अडलंय. खात्रीवर काम करता येतं.

पण त्याआधी 'मरून जा'बद्दल. हे वाक्य कानावर पडणं आणि तसं करावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक विचारल्याशिवाय कळत नाही. आज जेवणं झाल्यावर, दोघंच असताना सरळ विचारा: तो मरून जा म्हणतो तेव्हा तुला तसं करावंसं वाटतं का? कसं, कधी, असं काही मनात येतं का? आजवर कधी त्याचं ऐकून काही केलंस का? विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट बरेच जण कुणीतरी विचारायचीच वाट बघत असतात. उत्तरात काही ठरवलेलं दिसलं, किंवा 'आता थोपवता येत नाही' असं तो म्हणाला, तर थेरपीची तारीख येईपर्यंत थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांकडे किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता आवाज येतो कुठून ते. आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. आपण बोलतो तेव्हा मेंदू ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवून ठेवतो, की आता येईल तो आवाज आपलाच. ही सूचना नीट पोचली नाही तर आपलंच मनातलं बोलणं परकं, बाहेरून आल्यासारखं वाटू शकतं. आवाज येत असताना काही रुग्णांच्या बोलण्याच्या स्नायूंत बारीक हालचाल नोंदवली गेली आहे, आणि मेंदूच्या तपासण्यांत बोलणं तयार करणारा भाग त्या वेळी जागा असलेला दिसला आहे. सगळ्यांचं असंच असतं असं मात्र नाही. काहींचे आवाज जुन्या अपमानाच्या, मारहाणीच्या आठवणींशी जोडलेले असतात. काहींना गोंगाटात शब्द ऐकू येतात: पंखा, मिक्सर, नळाचं पाणी, मशीनची घरघर. सतत धोक्याची चाहूल घेणारा कान आवाजाच्या गाळात शब्द शोधत बसतो. तुमचा भाऊ फाउंड्रीत होता, म्हणून दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत. आवाज मशीन चालू असताना जास्त यायचे की शांत खोलीत? आणि त्याची ऐकण्याची तपासणी कधी झाली आहे का? कानाने कमी ऐकू येणाऱ्यांत आवाजांचा त्रास जास्त दिसतो, आणि फाउंड्रीत कानाला बोळे न घालता काम करणारी पोरं कमी नाहीत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडची एक तपासणी, एवढंच काम आहे.

आवाज ऐकू येणं म्हणजे आयुष्य संपलं, असंही नाही. १९८७ मध्ये नेदरलँड्समधल्या मारियस रोमे या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या एका रुग्णाबरोबर टीव्हीवर जाऊन आवाज ऐकणाऱ्यांना संपर्क करायला सांगितलं. शेकडो लोकांनी केला, आणि त्यातले कित्येक आवाज सांभाळून नोकरी-संसार करत होते. मग काहीजण मोडून पडतात आणि काहीजण नाही, ते कशामुळे? १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड यांनी याचा माग काढला. त्यांना दिसलं की त्रास ठरतो तो आवाज काय बोलतो यापेक्षा माणूस त्या आवाजाबद्दल काय मानतो यावर. हा कोण आहे? याची ताकद किती? याला माझं भलं करायचंय का वाईट? आणि मी नाही ऐकलं तर काय होईल? थेरपी या चार प्रश्नांवर चालते.

बैठक साधारण आठवड्याला एक, ४५ ते ६० मिनिटांची. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत अशा आजारासाठी किमान १६ बैठका सांगितल्या आहेत. तुमच्याकडच्या दराने १२,८०० रुपये झाले. हा आकडा वडिलांपुढे आजच ठेवा, चौथ्या बैठकीनंतर 'अजून किती?' म्हणून भांडण व्हायला नको. आणि आठव्या बैठकीला थेरपिस्टबरोबर बसून काय बदललं याचा हिशेब घ्यायचा, हेही आधीच ठरवून टाका.

पहिल्या तीन-चार बैठका वडिलांना खरोखरच गप्पा वाटतील. त्यात थेरपिस्ट आवाजांची इत्थंभूत माहिती गोळा करतो: किती, कुणासारखे, कानाजवळ की डोक्याच्या आत, केवढे मोठे, किती वेळ चालतात, किती घाण बोलतात, थांबवता येतात का. यासाठी ११ प्रश्नांची एक ठरलेली मोजपट्टी आहे, प्रत्येकाला ० ते ४ गुण. पुढे बरं वाटतंय की नाही हे अंदाजाने न सांगता त्या पट्टीवर बघता येतं.

मग एक कागद घरी येतो. चार रकाने: कधी-कुठे, आवाज काय म्हणाला (शब्द न बदलता), मी काय केलं, भीती १० पैकी किती. समजा त्यात एका ओळीत असं आलं: 'सकाळी ११.२०, पुढची खोली, घरात कुणी नाही. "येडं बसलंय." इअरफोन लावून पांघरूण घेतलं. भीती ८.' आणि खाली: 'संध्याकाळी ६, आईबरोबर वाटाणे सोलताना. नुसती पुटपुट. तसंच सोलत राहिलो. भीती २.' दोन आठवड्यांच्या अशा ओळी समोर ठेवल्या की आवाजाचं वेळापत्रक दिसायला लागतं. एकटा असताना, रिकामा असताना, झोप कमी झालेल्या दिवशी जास्त. मग थेरपिस्ट हळूच विचारतो: तो एवढा ताकदवान आहे, तर वाटाणे सोलताना गप्प का बसतो? उत्तर थेरपिस्टने द्यायचं नसतं. ते तुमच्या भावाच्या तोंडून यायला हवं, नाहीतर काही उपयोग नाही.

इथे एक चूक हमखास होते. हौसेने दिवसभर लिहीत बसतात, सगळं लक्ष आवाजाकडे लागतं आणि आवाज वाढतात. घरचे म्हणतात, थेरपीनं बिघडलं, आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीलाच पोरगं थेरपी सोडतं. म्हणून दिवसाला तीनच नोंदी. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोलून ठेवल्या तरी चालतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आवाज थोडे चढलेले वाटू शकतात, हे घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

पुढचा भाग मात्र गप्पांचा नाही. कोपऱ्यापुढे गेलो तर आईला काहीतरी होईल, हेच घेऊ. आज त्याला याची खात्री किती? समजा १०० पैकी ९५. तो कित्येक महिने कोपऱ्यापुढे गेलेला नाही आणि आई ठणठणीत आहे. याचं श्रेय आवाजाने घेतलंय: 'बघ, ऐकलंस म्हणून वाचली.' जोवर तो जात नाही तोवर आवाज खोटा ठरायची सोयच नाही. म्हणून प्रयोग करायचा, पण उडी मारून नाही. आधी किरकोळ हुकूम घेतात. 'चहा पिऊ नको' म्हणाला, तर प्यायचा, पण दोन मिनिटं थांबून. मग पाच मिनिटांनी, मग लगेच. काय झालं ते लिहायचं. मग एक दिवस तुमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यापलीकडे एक पाऊल. निघण्याआधी कागदावर दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय? चक्कर, पडणं, दवाखाना? आणि कधीपर्यंत? आज रात्री ९ पर्यंत? हे आधी पक्कं केलं नाही तर रात्री आवाज म्हणणार, 'आज नाही, उद्या', आणि प्रयोग वाया. आणखी एक खाच आहे. आईला महिन्यातून चारदा डोकं दुखत असेल, तर ते प्रयोग सुरू करायच्या आधीच मोजून ठेवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी आईला साधी सर्दी झाली की सगळं मुसळ केरात.

परत आल्यावर खात्री पुन्हा विचारायची. ९५ची ८० झाली तर ते मोठं यश. शून्य सगळ्यांची होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. ५०वर आलेला माणूस बाहेर पडतो. मग दुकान, मग बसस्टॉप, मग एखाद्या मित्राचं घर. आवाजाच्या हुकमांवरच बेतलेल्या थेरपीची चाचणी ब्रिटनमध्ये १९७ जणांवर झाली, निकाल २०१४ मध्ये आला. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ४६ टक्के लोक हुकूम पूर्ण पाळत होते, थेरपी घेतलेल्या गटात २८ टक्के. जादू नाही. पण ज्या घरात हुकूम 'मरून जा' असा असतो, तिथे हा फरक लहान नाही.

यातलं काही घरच्यांनी स्वतःहून करू नका, हे मुद्दाम सांगतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून 'बघ, काही नाही' असं दाखवायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यावर पोराचं उत्तर ठरलेलं असतं, 'तो हुशार आहे, रेकॉर्ड होत नाही', आणि वर तुमच्यावरचा विश्वास जातो. थेरपिस्ट हाच प्रयोग करतो, पण काय निघालं तर त्याचा काय अर्थ लावायचा हे आधी दोघांत ठरवून.

आवाजाला उत्तर द्यायलाही शिकवतात. शिव्या देऊन नाही. शिव्या दिल्या की भांडण पेटतं आणि आवाज वर चढतो. दुर्लक्ष कर म्हणणंही फोल आहे, कारण मुद्दाम दाबलेली गोष्ट जास्तच डोकं वर काढते. वाक्य छोटं आणि शांत: 'ऐकलं. आत्ता कामात आहे. सात वाजता बोलू.' आणि सात वाजता खरंच १५ मिनिटं द्यायची, नंतर उठून जेवायला बसायचं. हुकूम देणाऱ्याला वेळ ठरवून देणारा माणूस त्याच्याहून खालचा राहत नाही. बाहेर असताना मोबाइल कानाला लावून बोलायचं, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. बैठकीत थेरपिस्ट स्वतः आवाजाची वाक्यं म्हणतो आणि रुग्ण उत्तराचा सराव करतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये याच कल्पनेवर संगणकावर आवाजाला चेहरा देऊन त्याच्याशी बोलायची थेरपी तपासली गेली. २०१८च्या चाचणीत १५० जण होते. १२ आठवड्यांनी या गटाचे आवाज साध्या समुपदेशनाच्या गटापेक्षा जास्त उतरले. मात्र २४ आठवड्यांपर्यंत दुसरा गटही सुधारला आणि दोघांतला फरक उरला नाही. म्हणजे नीट ऐकून घेणाऱ्या माणसाचाही उपयोग होतोच, फक्त वेळ जास्त लागतो.

'ह्याला काय जमतंय' या वाक्याकडे मात्र तुम्ही वेगळं लक्ष द्या. आवाज पुष्कळदा तेच बोलतात जे माणूस स्वतःबद्दल आधीच मानत असतो. आणि आवाजापुढे दबून राहणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरच्या माणसांपुढेही दबलेला असतो: कारखान्यातला सुपरवायझर, शाळेतली दांडगी पोरं, कधी घरातलंच कुणी. इथे थेरपिस्ट आवाज सोडून त्या माणसांवर आणि नोकरीवर बोलायला लागेल. वडिलांना वाटेल गाडी रुळावरून उतरली. उतरलेली नसते. जुने घाव असतील तर ते उकरायची घाई मात्र नको. झोप स्थिर, मरणाचे विचार आटोक्यात आणि थेरपिस्टवर विश्वास बसलेला, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच.

इअरफोन लगेच काढून घेऊ नका. तो त्याचा आधार आहे. पण सकाळपासून रात्रीपर्यंत मोठ्या आवाजात गाणी म्हणजे लपून बसणं झालं, आणि कानही जातील. त्यापेक्षा तोंड गुंतेल असं काही जास्त उपयोगी पडतं, कारण आवाज मनातल्या बोलण्याशी निगडित असेल तर बोलायचं यंत्र एका वेळी एकच काम नीट करतं: गुणगुणणं, पेपर मोठ्याने वाचणं, पाठ असलेला पोवाडा म्हणणं, क्रिकेटची कॉमेंटरी स्वतः करणं. एका आठवड्याला एकच उपाय, दिवसातून दोनदा १० मिनिटं, आधी आणि नंतर भीतीचे गुण. पाच उपाय एकदम सुरू केले तर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

आता तुमचा प्रश्न. "तुला ऐकू येतंय का?" म्हणाला की: "मला नाही येत. पण तुला येतंय हे मला कळतंय, आणि त्याचा त्रास होतोय हेही दिसतंय. काय म्हणतोय आत्ता?" बस. 'कोण नाही रे, गप बस' म्हटलंत तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही, आणि 'मरून जा' कधी वाढलं ते तुम्हाला कळणार नाही. त्याच्या समाधानासाठी 'हो, मलाही येतंय' म्हटलंत तर त्याहून वाईट. हे बोलणं दिवसातून एकदा पुरे. उरलेला वेळ त्याच्याशी इतर गोष्टींवर बोला. दर तासाला 'आता येतोय का?' विचारणाऱ्या घरात आवाज हाच कुटुंबप्रमुख होऊन बसतो.

वडिलांची टोमणे मारायची सवय असेल तर ती मात्र थांबवायला हवी. हे संस्काराचं प्रवचन नाही, मोजलेली गोष्ट आहे. ज्या घरात सतत टीका होते किंवा अतिकाळजीने माणसाला घुसमटवलं जातं, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकातच दिसलं होतं. आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ तशा घरच्यांसमोर जात असेल तर धोका आणखी वाढतो. चंडीगडमध्ये पुढे असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या घरांत टीका लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्याकडच्या घरांचा हा फायदा आहे, तो घालवू नका. एकाच खोलीत दिवसभर समोरासमोर बसण्यापेक्षा प्रत्येकाने दोन-तीन तास आपापल्या कामाला जाणं सगळ्यांनाच बरं.

आईच्या वाडीबद्दल. दर्शनाला जरूर जा. नरसोबाच्या वाडीला जाऊन आल्यावर आईला धीर येणार असेल आणि पोराची तयारी असेल, तर त्यात उपचाराच्या आड येणारं काही नाही. चांगला थेरपिस्ट देवाला वादात ओढत नाही. उलट जोतिबाचं नाव घेतल्यावर आवाज दबतो असं भाऊ म्हणाला तर तो ते त्याच्या उपायांच्या कागदावर लिहून घेईल. पण नेऊन ठेवायचं नाही. ठेवलं की गोळ्या चुकतात, रात्रीची जागरणं होतात, उपास घडतात, आणि झोप मोडली की आवाज उसळतात. गोळ्या बरोबर न्या, वेळेवर द्या, रात्री घरी आणा. कुणी बाहेरचं आहे म्हणून मारायला, बांधायला, औषध बंद करायला सांगितलं तर तिथून उठा. भूत काढायच्या नावाखाली मारणं-बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. अंगात येण्याशीही याची गल्लत करू नका. ते ठराविक वेळी, चारचौघांत येतं आणि माणूस नंतर आपल्या कामाला लागतो. इथे माणसाचं काम दीड वर्ष बंद आहे. आवाज कुणा गेलेल्या नातेवाइकासारखा वाटतो म्हणून आईला शंका येत असेल, तर एवढंच सांगा: २०१५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात चेन्नई, आफ्रिकेतलं आक्रा आणि अमेरिकेतलं सॅन मातेओ इथले प्रत्येकी २० रुग्ण तपासले होते. चेन्नईतल्या निम्म्याहून जास्त लोकांना घरच्या नात्यातल्यांचे आवाज यायचे, कामं सांगणारे, रागावणारे. आवाज माणसाच्या ओळखीचाच पोशाख घालतो.

गोळ्या थेरपी सुरू झाली म्हणून कमी करायच्या नाहीत. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहाएक आठवडे घेऊनही आवाज तसेच राहिले, तर क्लोझापिन या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यात सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. आणि तो बिडी-सिगारेट ओढत असेल तर डॉक्टरांना खरा आकडा सांगा. धुरातल्या घटकांमुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधं भराभर संपवतं, त्यामुळे डोस कमी पडतो. एकदम सोडली तर तोच डोस जास्त होतो. चघळायच्या तंबाखूच्या माव्याने हा परिणाम होत नाही, माव्याचे बाकीचे तोटे आहेतच. गांजा असेल तर तो आधी थांबायला हवा. नाहीतर थेरपी एकीकडे आणि गांजा दुसरीकडे ओढत राहणार.

थेरपिस्ट निवडताना पाटी बघून जाऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. किंवा त्या तोडीचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. नोंदणी क्रमांक सांगायला कुणी खळखळ केली तर दुसरीकडे जा. मग आणखी दोन प्रश्न: आवाज ऐकू येणाऱ्या किती लोकांबरोबर काम केलंय? आणि आमच्या डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोलाल का? 'सकारात्मक विचार करायला शिकवतो' किंवा 'संमोहनाने तीन बैठकांत घालवतो' असं उत्तर आलं तर आठशे रुपये वाचवा. पैशाची अडचण असेल तर सीपीआरच्या मनोविकार विभागात चौकशी करा. सरकारी ओपीडीतल्या गर्दीत दर आठवड्याला तासभर मिळणं अवघड असतं. तिथे पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास आणि मधे घरचा कागद, अशी मांडणी मागून बघा. तीही चालते, फक्त महिने जास्त लागतात.

पहिल्या बैठकीला तुम्ही बरोबर जा, पण आत शेवटची दहा मिनिटंच, तीही त्याची हरकत नसेल तर. बरोबर चालू गोळ्यांची नावं आणि डोस, गेल्या आठवड्याच्या झोपेचे तास, आणि आवाजांची चार-पाच वाक्यं त्याच्याच शब्दांत लिहून न्या. घरच्यांसाठी वेगळ्या बैठका असतात, नाइसच्या सूचनांप्रमाणे किमान दहा, तीन महिने ते वर्षभरात. त्यातल्या पहिलीला वडिलांना घेऊन जा आणि त्यांचा तो 'गप्पां'चा प्रश्न त्यांनाच थेरपिस्टला विचारू द्या.